खड्या मिठाची ऊब

बाई, परवा तुमची शोकसभा झाली. दवाखान्याच्या पडवीत सतरंजी अंथरली होती. तुमचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून खुर्चीवर तुमचा चष्मा ठेवून त्यालाच हार घातला. सरपंच बोलले, शाळेचे मास्तर बोलले, दोन बायका रडत रडत बोलल्या, आणि सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट सांगितली, की बाईंच्या हाताला ऊब होती. पौषातली पहाट असो, बाईंचा हात बाळंतिणीच्या पोटावर पडला की निम्मी भीती जायची. "देवाची देणगी!" मास्तर म्हणाले. मी मागे खांबाला टेकून बसले होते. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. पहाटे पाचला उठून तव्यावर खडे मीठ भाजायला काय देव येत होता?

तुम्ही असतात तर मास्तरांना तिथल्या तिथे गप्प केलं असतंत. फुकटचं कौतुक तुम्हाला सोसायचं नाही. दुसऱ्याचं करायलाही तुमची जीभ रेटायची नाही. पाच वर्षं मी तुमच्या हाताखाली नर्स म्हणून काढली, आणि या पाच वर्षांत माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात गोड शब्द म्हणजे "बरं".

मलाही बोलायला उभं केलं. "लीलाबाई, तुम्ही तर त्यांच्या मागोमाग गावोगाव सायकल चालवलीत." मी उठले, "बाईंनी मला काम शिकवलं" एवढं म्हणाले आणि बसले. बाकीचं तिथे बोलण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहिते आहे. घिवलीच्या जमनावरून आपलं भांडण चाललं होतं, ते अर्धंच राहिलं. तुम्ही मधूनच उठून गेलात. भांडणातून उठून जायची तुमची सवय जुनीच.

आमच्याकडची थंडी ती काय थंडी, असं बाहेरून बदलून आलेलं प्रत्येक माणूस म्हणतं. तुम्हीही निफाडहून आलात तेव्हा म्हणालात, "लीले, तुमच्याकडे थंडी नुसती नावाला असते ग." मी उमरोळीची. मला इथली थंडी ठाऊक होती. मग डिसेंबरात पहाटे बोईसरच्या रस्त्याने समुद्राकडे सायकल काढलीत, तेव्हा कळलं. खाजणातल्या खाऱ्या चिखलावरचं धुकं हँडलच्या नळीवर पाणी होऊन बसतं, बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि दुखायची थांबली की ती आपली राहत नाहीत. पहिल्याच खेपेला तुम्ही घंटी वाजवायला अंगठा हलवलात तर तो हलेना. गुराख्याला तोंडाने ओरडून बाजूला केलंत. मी मागे हसत होते.

दुसऱ्या दिवशीपासून तुमचे प्रयोग सुरू झाले. हातमोजे घातलेत, ते धुक्याने ओले होऊन उलट गार पडले. हातावर फुंकर मारू दिली नाहीत, म्हणालात, वाफ ओली असते, क्षणभर बरं वाटतं आणि मग दुप्पट गारठतं. खोबरेल चोळून पाहिलंत, तर हँडलवरून हात सटकून रस्त्याकडेच्या चरात गेलात. शेवटी मिठागरावरून आणलेलं खडे मीठ हाती लागलं. ते तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, जाड मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यात बांधायचं, आणि ती पुरचुंडी हँडलच्या मुठीवर घोंगडीची पिशवी शिवून तिच्यात ठेवायची. पिशवीला खालून चीर, ब्रेकला बोट पोचावं म्हणून. हात आत सरकवला की तासभर ऊब. अणुकेंद्राच्या कामावर निघालेले बिहारी कामगार एक हात काखेत घालून डुगडुगत सायकली हाकायचे, त्यांतल्या एकाने न राहवून विचारलं होतं, "बहनजी, ये हैंडल पे क्या बाँधा है?"

"नमक."

"खाने का?"

"खानेका नही, पकडनेका," तुम्ही म्हणालात, आणि पायडल मारून पुढे गेलात. आठवड्याभरात चार-पाच सायकलींवर तशा पिशव्या दिसू लागल्या. तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं केलंत, पण त्या दिवशी तुम्ही खुशीत होतात, मला कळायचं.

हे सगळे लाड स्वतःसाठी नव्हते, हे मात्र खरं. बाळंतिणीच्या घरी पोचल्यावर आधी गरम पाण्याने हात धुवायचे आणि मग आपलाच हात आपल्या गळ्याला लावायचा. आपण दचकलो तर तीही दचकणार. ती दचकली की अंग आखडून धरणार, आणि मग तासाचं काम चार तास. कितीदा मला तुम्ही दारातच अडवलंत, "गळ्याला लाव. लावलास? खोटं बोलू नकोस." मी चिडायचे. आता माझा हात आपोआप गळ्याशी जातो, परकर पिळून झाल्यावरसुद्धा.

तर ती सकाळ. तीन हिवाळे झाले तिला. जमनाचा दीर उजाडायच्या आधी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, चला बिगीबिगी. आठवाच म्हयना हाय, न् वयनी कळा देते." तुमचं मीठ चुलीवर तयार होतं, कारण बोलावणं येवो न येवो, थंडीत तुम्ही ते रोज भाजून ठेवत होतात. माझं तयार नव्हतं. मी अंथरुणातून उठले होते एवढंच. मी तवा पुढे ओढला तर तुम्ही म्हणालात, "वेळ नाही. तशीच चल."

मग सात मैल मी उघड्या हातांनी तुमच्या मागून आले. एक पुरचुंडी मागावी असं मला वाटलं होतं. तुम्हाला ते मागे न बघता कळलं, कारण तुम्ही रस्त्यातच म्हणालात, "दोघींपैकी एकीचेच हात ऊन राहायचे असतील तर ते माझे राहू देत. आत हात मला घालायचा आहे, तुला नाही." बरोबरच होतं ते. तुमचं नेहमी बरोबरच असायचं, म्हणून तर तुमच्याशी भांडणं जड जायचं.

आपण पोचलो न पोचलो तोच पोर झालं, ते एवढंसं. रंग निळसर, अंग गार, रडायचं नाव नाही. तिकडे जमनाला रक्त जायला लागलं, तिची शुद्ध गेली. तुम्ही तिच्या पोटावर दोन्ही मुठी रोवून बसलात आणि मान न वळवता मला म्हणालात, "बाळाला ऊब दे. मीठ परत तापव." मी तुमच्याच पुरचुंड्या सोडल्या, मीठ त्यांच्या तव्यावर टाकलं, भाजलं, बांधलं. हाताने चाचपून पाहिलं. कोमट लागलं. बरं वाटावं इतपत कोमट. मी ती पुरचुंडी फडक्याच्या घडीत बाळाच्या पायाशी ठेवली आणि वरून गुंडाळलं.

माझी बोटं अजून माझी झाली नव्हती, बाई. सात मैलांची थंडी त्यांच्यात तशीच होती.

थोड्या वेळाने पोर रडलं. आधी बारीक, मग जोरात. आपण हसलो. तुम्हीसुद्धा हसलात, जमनाच्या पोटावरचे हात न काढता. सासूने भिंतीवरच्या देवाला हात जोडले, "रडला गो बाय, रडला!" म्हणत ती अंगणात जाऊन सगळ्यांना सांगून आली. आणि ते पोर ओरडत होतं, कारण मी त्याचा पाय भाजत होते. ते रडणं मला अजून ऐकू येतं, आणि त्याच्या जोडीला आपलं हसणंही.

फडकं सोडलं तेव्हा उजवी टाच आणि तळवा फोडांनी भरला होता. तुम्ही पुरचुंडी उचललीत, गळ्याला लावलीत आणि झटक्याने दूर केलीत. माझ्याकडे एकदा पाहिलंत. पुरचुंडी पिशवीत टाकलीत. तेवढ्यात सासू आत आली आणि तिने तो पाय पाहिला. जमनाच्या बाजेखाली शेकासाठी निखाऱ्यांची शेगडी होती. तुम्ही त्या शेगडीकडे बोट केलंत आणि शांतपणे म्हणालात, "मी बाळ हिच्या कुशीत दिलं होतं. हिला गुंगी आली, पाय खाली लोंबला, शेगडीला लागला." जमना तेव्हाच डोळे उघडत होती. शुद्धीवर आल्यावर तिने ऐकलेलं पहिलं वाक्य ते होतं.

परतताना आपण सायकली हातात धरून चालत आलो. मी रडत होते. "मी जाऊन सांगते," म्हणाले.

"काय सांगणार?"

"माझ्या हातून झालं म्हणून."

"गळ्याला लावून का नाही बघितलीस?"

"माझे हात बधिर होते. तुम्ही मला मीठ भाजू दिलं नाहीत."

तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता मारताय. पण तुम्ही हलक्या आवाजात, जसं एखाद्या घाबरलेल्या बाईशी बोलता तसं, बोललात. या किनाऱ्यावर लोकांनी आपल्याला दारात उभं करायला दोन वर्षं लागली. आज कळलं की नर्सने पोर भाजलं, तर उद्यापासून परत विळ्याने नाळ कापतील, आणि त्यात किती जातील ते मोज. तुझी नोकरीही अजून कायम नाही. "आणि जमना?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आईच्या हातून झालेलं लोक विसरतात, लीले. आपल्या हातून झालेलं विसरणार नाहीत."

बाई, तुमचं नेहमी बरोबर असायचं असं मी वर म्हटलं. हे चुकलं. कुणीही विसरलं नाही.

सासूने त्या दिवसापासून पोर स्वतःच्या कुशीत घेतलं. दूध पाजण्यापुरतं आईकडे द्यायचं आणि उभं राहून पाहायचं. देवी टोचायला आणलं तेव्हा तुम्ही सुट्टीवर होतात, मी होते. म्हातारीच्या कमरेवर पोर, आणि जमना चार पावलं मागे, रिकाम्या हातांनी. टोचून झाल्यावर मी बाळ आई म्हणून जमनाकडेच देऊ लागले, तर म्हातारीने मध्येच हात घातला. "तिच्याकडं नको देव. तिच्या हाताला भरवसा नाय." जमनाने पुढे केलेले हात खाली घेतले. कुरकुर नाही, तक्रार नाही. तिला ते पटलेलंच होतं.

मी हे तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही नोंदवहीतून मान वर केली नाहीत. म्हणालात, "टोचल्याचा वार कोणता?"

आणि तरीही तुम्ही तीन महिने एक दिवसाआड घिवलीला गेलात, पट्टी बदलायला. मला एकदाही बरोबर नेलं नाहीत. जाऊन-येऊन चौदा मैल, त्याच्यावर दवाखान्याचं काम. तळवा भरून आला तो तुमच्यामुळे, नाहीतर ते पोर पांगळंच व्हायचं. आता थोडं लंगडतं इतकंच. माझ्या सायकलीला एक दिवस घोंगडीच्या दोन नव्या पिशव्या शिवलेल्या दिसल्या, तुमच्याच पांघरुणाचा काठ त्यांना होता. ती माफी होती की शिक्षा, मला कधी कळलं नाही. रोज पहाटे मीठ मात्र मी भाजू लागले, आणि आजतागायत गळ्याला लावल्याशिवाय काहीही कुणाच्या अंगाला लावलेलं नाही. माझ्या हातून त्यानंतर शंभरावर पोरं सुखरूप झाली असतील. ती सगळी तुमची आहेत. हे मी शोकसभेत सांगायला हवं होतं, पण तेव्हा माझा राग आड आला.

दर हिवाळ्यात एकदा तरी मी जमनाचा विषय काढायचे आणि तुम्ही उठून जायचात. या वेळी छातीत कफ भरून तुम्हीच अंथरुणाला खिळलात, तेव्हा उठून जाणं जमणार नव्हतं. मी ती संधी साधली. आजारी माणसाला असं कोंडीत धरणं चांगलं नव्हे, पण धरलं. "आता तरी सांगू का तिला?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तिकडेच बघत म्हणालात, "मी गेल्यावर काय करायचं ते कर." मला इतका संताप आला की तुमच्या पांघरुणाचं टोक हातात होतं ते मी तसंच सोडलं. स्वतः सुटायचं आणि मागचं निस्तरायला मला ठेवायचं! दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. ते टोक मी नीट खोचायला हवं होतं.

काल मी घिवलीला गेले. मनाशी वाक्य ठरवून गेले होते. म्हातारी नातवाला घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली होती. जमना एकटीच वलांडीवर, बांबूंना ताणलेल्या दोरीवर, बोंबील वाळत घालत होती. मला पाहून तिने हात पुसले, बसायला पाट दिला. तुमचं विचारलं. डोळ्यांत पाणी आणलं. मी म्हणाले, "जमना, तुला एक सांगायचं आहे. पोराचा पाय शेगडीने भाजला नाही. ऊब द्यायला मिठाची पुरचुंडी ठेवली होती, ती जास्त तापली होती. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

तिने पदराला पुन्हा हात पुसले. मग तिने विचारलं, "पुरचुंडी कोनी ठेवली व्हती?"

बाई, उत्तर एका अक्षराचं होतं. तीन वर्षं घोकलेलं. आणि माझ्या तोंडून आलं, "बाईंनी."

तुम्ही बेशुद्ध बाईवर ढकललंत, मी मेलेल्या बाईवर. शिष्या शोभले तुमची.

जमनाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कीव करावी तसं. "नाय गो ताई," ती म्हणाली, "बाई तीन म्हयने येत व्हत्या. पट्टी सोडताना पोराला फुलासारका धरायच्या. त्यांच्या हातनं नाय व्हयाचं तसं. तू माजं मन राखाया बोलतेस, आमी काय वळखत नाय? पन गेलेल्या मानसावर नको घालू असं. पाप लागंल." मी तोंड उघडलं. तिने मला बोलू दिलं नाही. पुन्हा बोंबील उचलले आणि एकेक करून दोरीवर अडकवायला लागली.

मी 'मी' म्हणाले असते तर तिने मानलं असतं. माझ्याविषयी तिचं काही मोठं मत नाही. पोर तिच्या कमरेवर आलं असतं, निदान म्हातारीशी भांडायला तिला तोंड मिळालं असतं. मी ते खरं घेऊन गेले आणि त्यात एवढंसं खोटं मिसळून सगळंच नासवून आले. आता पुन्हा जाऊन सांगितलं तर तिला ते माझं दुसरं सोंग वाटेल. तरी जायला हवं. उद्या की परवा, ते मी ठरवलेलं नाही, आणि हे न ठरवणं मी कुणाकडून शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी निघाले तेव्हा ती कुंपणापर्यंत पोचवायला आली. सायकलीचं हँडल धरून क्षणभर उभी राहिली. "जे झालं ते माज्याच हातनं झालं, ताई," असं म्हणाली, आणि मला सोडलं. बाई, आपल्या तिघींत हे वाक्य तोंडाने म्हणणारी ती एकटीच निघाली, आणि जिच्या हातून ते झालेलं नाही अशीही ती एकटीच.